टेबलामागचं दुसरं माणूस

अल्विना ड्रायलिंग मार्चमध्ये गेली. काउंटीच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या. जन्म, लग्न, शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं, मागे एक मुलगी, डेन्व्हरला असते. एवढंच. ती मारीनफेल्डमधलं एकमेव गाढव होती आणि गावासाठी गाढव झाली होती, हे त्यात कुणी लिहिलं नाही. लिहिणार तरी कोण? साप्ताहिकवालाही हत्तीच.

आमच्या देशात पक्ष दोन. एकाचं चिन्ह हत्ती, दुसऱ्याचं गाढव. देशात असतील दोन, पश्चिम कॅन्ससमध्ये आमच्याकडे एकच. मारीनफेल्डात एकशे ऐंशी मतदार, त्यातले जवळजवळ सगळे हत्तीवाले, उरलेले कुणाचेच नाहीत. माझा बाप हत्तीवाला, मी हत्तीवाला, आणि का, असं मला कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण कायदा असा आहे की मतदानाच्या दिवशी टेबलामागे दोन्ही पक्षांचं एकेक माणूस बसलंच पाहिजे. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं, म्हणजे लबाडी व्हायची नाही. दुसऱ्या पक्षाचं माणूस नसेल तर केंद्र उघडायचं नाही.

पूर्वी आमच्याकडे अलॉइस नावाचा एक म्हातारा होता, खराखुरा गाढववाला, भांडकुदळ. तो मेला त्या वसंतात निवडणुका चालवणारी काउंटीची क्लार्क चर्चच्या तळघरात जेवणाला आली आणि उभी राहून म्हणाली, "तुमच्यातल्या कुणीतरी पक्ष बदला बाई, नाहीतर तुमचं केंद्र बंद होईल आणि तुम्हाला अठ्ठावीस मैल लांब मतदानाला यावं लागेल." सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि शेवयांच्या सूपात चमचे ढवळायला सुरुवात केली. मीही घातली. मी पोस्टमास्तर होतो, गावात मला मान होता, मला कशाला नसता उद्योग.

अल्विना पोळपाटाएवढी मोठी पातेली उचलून चालली होती. ती तशीच थांबली आणि म्हणाली, "लिहा माझं नाव. मला कोण काय म्हणणारे? मी आपली स्वयंपाकीण."

तिचा नवरा क्लेमेन्स मोठ्याने हसला. "बायको गाढव आहे हे मला लग्नापासून ठाऊक होतं. आता सरकारी कागदच मिळाला!"

"आणि गाढवाशी लग्न करायला गुडघे टेकून कोण बसला होता रे?" ती म्हणाली.

तळघर हसून हसून लोळलं. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर दर निवडणुकीला ती माझ्या डाव्या हाताला बसली. मी हत्तीचा, ती गाढवाची. मतदार यादी मी उघडायचो, सही ती घ्यायची, मतपत्रिकेवर आद्याक्षरं दोघांची. पहाटे ती कोबी-खिमा भरलेले पाव, आमच्याकडे त्यांना बीरॉक म्हणतात, टॉवेलात गुंडाळून आणायची आणि आल्याआल्या माझ्यापुढे दोन ठेवायची. "खा पोस्टमास्तर. उपाशी हत्तीवर लक्ष ठेवायला मला नाही जमायचं." गाढव पक्षाचं म्हणणं काय आहे, हे तिने कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही. त्या पक्षाची दोन माणसं तिला ओळखता आली नसती. काउंटीत कुणी उभंच राहत नव्हतं त्यांचं.

मग दिवस बदलले. आधी जी थट्टा होती तिला धार आली. डॅरेल नावाचा एक गडी, ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला, एका वर्षी टेबलासमोर येऊन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "मला पत्रिका नॉर्बर्टच्या हातून पाहिजे. आपल्या माणसाकडून."

अल्विनाने पेनाचं टोपण लावलं. "डॅरेल, बालवाडीपासून आठवीपर्यंत तुला जेवायला कुणी वाढलं? तेव्हा नाही विचारलंस माझा पक्ष. तिसऱ्यांदा शेवया मागायचास."

डॅरेल लाल झाला, पण पत्रिका त्याने माझ्याच हातून घेतली. मीही दिली. तेव्हा मी दोन शब्द बोलायला हवे होते. नाही बोललो. दुपारी ती म्हणाली, "जाऊ दे. केंद्र उघडं राहिलं ना, झालं."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. क्लेमेन्सला विसरण्याचा आजार झाला. आधी किल्ल्या, मग शेताचा रस्ता, मग मुलीचं नाव. एका हिवाळ्यात तो नुसत्या मोज्यांवर बर्फात निघाला आणि धान्याच्या कोठारापाशी सापडला, तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता याला घरी ठेवू नका. गावात काउंटीने चालवलेलं म्हाताऱ्यांचं घर होतं, चर्चच्या समोर, विटांचं, बावीस खाटांचं. आम्ही त्याला नुसतं होम म्हणायचो. क्लेमेन्स तिथे गेला. अल्विनाच्या दारापासून होमच्या दारापर्यंत दोनशे पावलं. दुपारी बारा वाजता ती डबा घेऊन निघायची, संध्याकाळी पाचला पुन्हा. तिथल्या मुली चांगल्या होत्या, पण क्लेमेन्स त्यांच्या हातून खायचा नाही, ओठ मिटून घ्यायचा. अल्विना दिसली की तोंड उघडायचा. ती कोण हे त्याला कळत नव्हतं, पण तिच्या हातचं जेवण त्याला ओळखू येत होतं. मी स्वतः पाहिलंय. तिचा चमचा आला की त्याचा चेहरा सैल व्हायचा.

काउंटीचा कारभार तीन कारभारी बघतात. होम बंद करायचं की ठेवायचं यावर त्यातला एक बंद करा म्हणत होता, एक ठेवा म्हणत होता. तिसऱ्याची जागा त्या वर्षी निवडणुकीला होती आणि काय आश्चर्य, त्या जागेला दोन माणसं उभी राहिली. बर्नार्ड वासिंगर, होम ठेवणारा. आणि ड्युएन कून, बंद करणारा. ड्युएन वाईट माणूस नव्हता. काउंटीला परवडत नाही, असं तो म्हणायचा, आणि टोपी काढून म्हणायचा.

पण दोघंही हत्तीच. आमच्याकडे खरी निवडणूक नोव्हेंबरात होतच नाही. हत्तीवाले ऑगस्टमध्ये आपसांत ठरवतात हत्तीतर्फे कोण, आणि नोव्हेंबरात त्याच्यासमोर कुणी नसतं. ऑगस्टच्या त्या मतदानात कुणाचाच नसलेला तिथल्या तिथे हत्ती होऊ शकतो, पण गाढववाल्याला हत्तीची पत्रिका मिळत नाही. म्हणजे क्लेमेन्सचं होम राहणार की जाणार हे ठरवताना गावातल्या सगळ्यांना मत होतं, अल्विनाला नव्हतं.

पक्ष बदलता येत होता, पण एक जूनच्या आत. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती माझ्या अंगणात आली. मी टोमॅटोला काठ्या लावत होतो.

"पोस्टमास्तर, मी हत्ती होणार," ती म्हणाली.

"काय झालं?"

"काय झालं काय विचारतोस? बर्नार्डला मत द्यायचंय मला. इतकी वर्षं मला मत देण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून चाललं. या वेळी आहे."

"आणि टेबलावर कोण बसणार?"

"ते बघा तुम्ही."

मी काठी खाली ठेवली आणि तिला समजवायला लागलो. समजवण्यात मी पटाईत, चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत तेच केलं. मी म्हटलं, अल्विना, क्लार्क टपूनच बसलीय. दुसऱ्या पक्षाचं माणूस नाही म्हटल्यावर केंद्र त्याच दिवशी बंद करेल. मग होममधले जे म्हातारे चाकाच्या खुर्चीवर रस्ता ओलांडून येतात मत द्यायला, ते अठ्ठावीस मैल कसे जाणार? ती सगळी मतं बर्नार्डची. तुझं एक मत मिळवायला तू दहा-बारा घालवशील.

तिने खाली ठेवलेली काठी उचलून मातीत रोवली. मग म्हणाली, "मग तू हो ना गाढव. या एका वर्षासाठी. मी हत्ती होते, टेबलावर दोन्ही राहतील."

मी हसलो. अजून मला ते हसणं ऐकू येतं. "मी? माझा बाप थडग्यात उलटा होईल."

"मेलेल्या बापाचं एवढं, आणि माझा जिवंत नवरा..."

"अगं, बर्नार्ड आरामात येतोय," मी म्हटलं. "आणि एका मताने काय होतंय?"

ती गेली. एक जून आला आणि गेला. ती गाढवच राहिली.

ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी पहाटे आम्ही केंद्र उघडलं. तळघरात उकाडा होता. तिने माझ्यापुढे दोन बीरॉक ठेवले, पण नेहमीची थट्टा केली नाही. टेबलावरच्यांनी आधी मत द्यायचं अशी पद्धत आहे. तिने गाढवाची पत्रिका घेतली. तिच्यावर काउंटीच्या रकान्यात एकही नाव नव्हतं. मी हत्तीची घेतली, आडोशाला गेलो.

आता जे सांगतो ते कुणाला सांगितलं नव्हतं. पत्रिकेवर प्रत्येक नावाशेजारी एक पोकळ गोल असतो, तो पेनाने भरायचा. तीस वर्षं मी जी पत्रिका भरली तिच्यात प्रत्येक रकान्यात एकच नाव असायचं. शेरीफ, एक नाव. खजिनदार, एक नाव. क्लार्क, एक नाव. नावं वाचायची सवयच गेली होती. हात आपोआप खाली जायचा, वरचा गोल, वरचा गोल, वरचा गोल. त्या दिवशी डोक्यात दुसरेच विचार होते, पंखा लावायचा होता, बाहेर दोन चाकाच्या खुर्च्या येऊन थांबल्या होत्या, दार उघडायचं होतं. हात गेला. वरचा गोल, वरचा गोल. मी कागद पेटीच्या फटीत सरकवला आणि तो अर्धा आत गेल्यावर मला दिसलं. कून. वासिंगर खाली होता. कून वरती होता, आणि मी त्याचा गोल भरला होता.

बोटं आवळेपर्यंत कागद आत गेला होता. पेटीत गेलेलं मत परत येत नाही, हे मला अल्विनाहून जास्त माहीत होतं. मी टेबलाशी येऊन बसलो.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"दिलंस ना बर्नार्डला?"

"म्हणजे काय," मी म्हटलं.

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला, क्षणभरच, आणि पहिल्या मतदाराची सही घ्यायला वळली. मी दिवसभर स्वतःला सांगत राहिलो, एका मताने काय होतंय.

सहाशे अकरा, सहाशे अकरा. दोघांना सारखीच. आठवड्याने काउंटीच्या कचेरीत फेरमोजणी झाली, तेच. अल्विनाला मी माझ्या गाडीतून घेऊन गेलो होतो. खोलीत वीसेक माणसं. क्लार्क म्हणाली, कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकायच्या. कॉफीचा रिकामा डबा आणला, दोन नावांच्या दोन चिठ्ठ्या त्यात घातल्या. मग प्रश्न आला, काढणार कोण? बर्नार्डचा माणूस ड्युएनला चालेना, ड्युएनचा बर्नार्डला. कुणीतरी मागून म्हणालं, "अल्विना आहे की. ती आपली नाहीच. तिला मतच नव्हतं."

लोक हसले. बर्नार्ड म्हणाला, "चालेल मला. अल्विना, तुझ्या हाताला यश आहे गं." ड्युएनने टोपी काढून मान हलवली.

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. इतकी वर्षं तिला कुणी काही निवडायला दिलं नव्हतं, आता देत होते. ती उठली, छातीवर क्रूस काढला, डबा थोडा हलवला, डोळे मिटले आणि हात घातला. तिने बराच वेळ हात आत ठेवला. मग चिठ्ठी काढली, उलगडली आणि वाचली. आधी मनात, मग मोठ्याने, कारण क्लार्क म्हणाली मोठ्याने वाचा.

"ड्युएन कून."

परतीच्या रस्त्यावर ती एकदाच बोलली. "मी दुसरी धरली होती, पोस्टमास्तर. हातात होती. मग सोडली आणि ही घेतली." मला गाडी थांबवून सगळं सांगावंसं वाटलं. थांबवली नाही.

नोव्हेंबरात ड्युएनसमोर कुणी नव्हतं. गाढवांचा उमेदवार जूनमध्येच ठरायला हवा होता, आणि जूनमध्ये गाढवांत होतं कोण, एकटी अल्विना. ती पत्रिका घेऊन आडोशाला बराच वेळ उभी होती. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "एक नाव असलं की वाचायला फार वेळ लागतो." मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

एप्रिलमध्ये होमला कुलूप लागलं. क्लेमेन्सला जागा मिळाली ती सत्तर मैलांवर. अल्विनाला दिसणं कमी झालेलं, गाडी चालवायची नाही असं डॉक्टरचं फर्मान. दर रविवारी प्रार्थनेनंतर मी तिला घेऊन जायचो. गाव म्हणायचं, नॉर्बर्ट देवमाणूस आहे. ती डबा मांडीवर धरून बसायची, गरम राहावा म्हणून कोटात गुंडाळलेला. रविवारी क्लेमेन्स जेवायचा. सोमवार ते शनिवार दोन-चार घोट दूध, की ओठ मिटलेले. तिथले लोक म्हणाले, नळी घालू. ती नको म्हणाली. "त्याला भूक आहे हो," ती नर्सला सांगायची, "त्याला फक्त कळत नाहीये तुम्ही कोण." जून गेला, ऑगस्ट गेला, त्याच्या गालांत खड्डे पडले, अंगठी बोटातून गळायला लागली तेव्हा तिने ती आपल्या साखळीत घातली. ऑक्टोबरच्या एका बुधवारी सकाळी तो गेला. बुधवारी. रविवारला चार दिवस होते.

त्याला पुरल्यावर चर्चच्या तळघरात जेवण झालं. लोक निघून गेले. अल्विना उरलेले बीरॉक माझ्यासाठी कागदात बांधत होती. "घेऊन जा," ती म्हणाली. "इतके रविवार माझ्यासाठी घातलेस तू. कुणी केलं नसतं. माझ्या पोरीने नाही केलं. देव तुझं भलं करो, पोस्टमास्तर."

त्या शब्दांनी मी मोडून पडलो. ती मला शिव्या देत असती तर मी आयुष्यभर गप्प बसलो असतो. मी खुर्चीत बसलो आणि सांगितलं. गोल, वरचं नाव, पेटीची फट, सगळं. बरोबर भरला असता तर सहाशे दहा विरुद्ध सहाशे बारा झालं असतं, हेही सांगितलं. जसं काही तिला बेरीज येत नव्हती.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.

"चुकून?"

"चुकून. शप्पथ. मी वाचलंच नाही गं."

"मला वाटायचं, माझ्या हाताने झालं," ती हळू म्हणाली. "वर्षभर मी या हाताकडे बघत होते. याच हाताने त्याला भरवत होते." मग तिने पुडा सोडला, बीरॉक एकेक करून परत ताटात ठेवले, कागदाची घडी घातली. "तुला माहीत होतं. मी गाडीत सांगितलं तेव्हा तुला माहीत होतं."

मी मान हलवली.

"घरी जा, नॉर्बर्ट."

तिने मला पोस्टमास्तर म्हटलं नाही, तेव्हाच मला कळलं.

मला वाटलं ती आता टेबल सोडेल, पक्ष बदलेल. तिला आता कुणी अडवलं नसतं. पण ती आली. त्यानंतर तीन निवडणुकांना आली, माझ्या डाव्या हाताला बसली, पहाटे सहा ते संध्याकाळी आठ. ती उठली असती तर केंद्र बंद झालं असतं, आणि गावातल्या बाकीच्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं? टॉवेलात गुंडाळलेलं काही येत नव्हतं. ती माझ्याशी कायद्यापुरतं बोलायची. "पान अकरा." "सही झाली." "तुझं आद्याक्षर राहिलं." लोक विचारायचे, तुमचं काही बिनसलं का? ती म्हणायची, "आम्ही दोन पक्षांचे, आमचं कसं जुळेल?" आणि लोक हसायचे.

शेवटच्या खेपेला, गेल्या नोव्हेंबरात, रात्री मोजणी संपली. बेरजेच्या तक्त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. तिचे डोळे तोवर फार गेले होते. तिने भिंग लावून काउंटीच्या पदांचं पान वरपासून खालपर्यंत ओळ न् ओळ वाचलं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"नीट वाचून सही कर, नॉर्बर्ट," ती म्हणाली.

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी वाचलं. प्रत्येक पदासमोर एकच नाव होतं.